सहा सॅम्पल ‘नॉट डिटेक्टेड’ आले म्हणजे तळ्यातला गाळ स्वच्छ आहे का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: जुन्या फायरिंग रेंजच्या उताराला एक तळं आहे, आता तिथला गाळ उपसून शेजारच्या सखल जमिनीत पसरायचा आहे, त्यासाठी सहा ठिकाणी ग्रॅबने (जबड्याने तळाचा गाळ उचलणारं साधन) गाळ काढला, लॅबने टीएनटी आणि आरडीएक्स ही दोन स्फोटकं तपासली, सगळीकडे ‘नॉट डिटेक्टेड’ आलं, तर पुढे जायला हरकत नाही ना? माझं उत्तर आहे, या रिपोर्टवर तरी जाऊ नका. गाळ घाण आहे असं मी म्हणत नाहीये, तो खरंच स्वच्छ असेलही, पण या रिपोर्टवरून ते कळत नाही. गेली सतरा वर्षं मी हेच काम करतेय, आधी लॅबमध्ये आणि नंतर बोटीवरसुद्धा, आणि गाळाच्या बाबतीत मशीन चुकल्यामुळे आकडा चुकला असं मी फार कमी वेळा बघितलंय, आकडा चुकतो तो बोटीत, वाळवायच्या ट्रेमध्ये, आणि लॅबला आपण काय शोधायला सांगितलं त्या कागदावर.

केमिस्ट्रीच्या आधी एक विचारते. ते सहा ग्रॅब टाकताना तळाशी न फुटलेला दारूगोळा आहे का हे कुणी बघितलं होतं? रेंजच्या उताराचं तळं म्हणजे गोळे लांब जाऊन त्यात पडलेले असू शकतात, आणि गाळात रुतलेला गोळा वर्षानुवर्षं तसाच जिवंत राहतो. आमच्याकडे नियम साधा आहे, बॉम्ब निकामी करणाऱ्या प्रशिक्षित टीमने मॅग्नेटोमीटर फिरवून पॉइंट मोकळा दिल्याशिवाय पाण्यात काहीही टाकायचं नाही, धातूचा सिग्नल आला की पॉइंट सरकवायचा, तिथे खाली काय आहे ते बघायला जायचं नाही. कोअर, म्हणजे नळी खाली घालून गाळाचा उभा नमुना, घेताना तर थोडं थोडं खाली जाऊन पुन्हा पुन्हा चेक करतात. हे झालं नसेल तर पुढच्या वेळी त्याच्याशिवाय बोटीत बसूच नका, कामाची घाई कितीही असो. आणि गाळात पिवळसर, तपकिरी, मेणासारखे तुकडे दिसले तर ते सॅम्पल उचलायचं नाही, टीमला बोलवायचं. वजनाने १० टक्क्यांपेक्षा जास्त स्फोटक असलेली माती किंवा गाळ स्वतःच स्फोटक धरला जातो, तो नेहमीच्या कुरियरने पाठवायचा नसतो आणि लॅबमध्ये तो दळायचा तर अजिबातच नसतो.

आता मूळ मुद्दा. टीएनटी गाळात टीएनटी म्हणून फार टिकत नाही. त्याच्या रेणूवर तीन नायट्रो गट असतात, तळ्याचा गाळ वरच्या काही मिलिमीटरच्या खाली बहुतेक वेळा ऑक्सिजन नसलेला असतो, काळा आणि सडक्या अंड्याचा वास मारणारा, आणि अशा गाळातले बॅक्टेरिया आणि लोहाची संयुगं मिळून त्या नायट्रो गटांचे एकेक करून अमिनो गट करतात. आधी २-अमिनो आणि ४-अमिनो डायनायट्रोटोल्युइन, मग डायअमिनो, आणि पूर्ण ऑक्सिजन नसेल तर शेवटी ट्रायअमिनो. हे अमिनोवाले, विशेषतः डाय आणि ट्राय, गाळातल्या सेंद्रिय पदार्थाला, म्हणजे ह्युमिकला, असे घट्ट चिकटतात की नंतर सॉल्व्हंटने सुटत नाहीत. म्हणजे तळ्यात टीएनटी भरपूर आलं असलं तरी तुम्ही फक्त टीएनटी शोधलंत तर काहीच मिळणार नाही, आणि ते खोटं पण नसेल, टीएनटी खरंच नसेल तिथे, त्याची पिल्लं असतील. म्हणून माझा पहिला प्रश्न लॅबला असतो की अमिनो बघितले का. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याच्या स्फोटकं तपासायच्या पद्धत ८३३०बी मध्ये १७ संयुगांची यादी आहे, त्यात दोन्ही मोनो-अमिनो आहेत, एचएमएक्स (आरडीएक्सच्याच जातीचं स्फोटक) आहे, डायनायट्रोटोल्युइन आहेत, ट्रायनायट्रोबेंझिन, टेट्रिल, नायट्रोग्लिसरीन, पीईटीएन आहे. पूर्ण यादी मागा, दोन नावांवर थांबू नका.

याचं समुद्रातलं एक उदाहरण देते. जर्मनीत कीलजवळ कोल्बर्गर हाइडे नावाचा उथळ समुद्राचा पट्टा आहे, तिथे दुसऱ्या महायुद्धानंतर सुरुंग आणि टॉर्पेडोंचे स्फोटक भाग टाकून दिलेले आहेत. (जर्मनीच्या समुद्रात एकूण सुमारे १६ लाख टन दारूगोळा पडलाय असा अंदाज धरतात.) तिथे संशोधकांनी सुरुंगांच्या ढिगाशेजारी शिंपले टांगून ठेवले आणि काही महिन्यांनी काढून तपासले, २०१७ साली हे काम प्रसिद्ध झालं, तर न उघडलेल्या सुरुंगांजवळच्या शिंपल्यांच्या मांसात सापडलं ते ४-अमिनो. फक्त टीएनटी शोधलं असतं तर ते शिंपले स्वच्छ ठरले असते.

आरडीएक्सचा स्वभाव एकदम वेगळा. ते गाळाला फारसं चिकटत नाही, पाण्यात लिटरला साधारण ४० ते ६० मिलिग्रॅम विरघळतं, आणि पाणी जाईल तिकडे जातं, म्हणून आरडीएक्सची काळजी गाळापेक्षा खालच्या भूजलाची जास्त. अमेरिकेत केप कॉडच्या कॅम्प एडवर्ड्स रेंजखालच्या भूजलात ते सापडलं आणि १९९७ मध्ये पर्यावरण खात्याने तिथला प्रत्यक्ष गोळीबारच थांबवला. तिथल्या पिण्याच्या पाण्याच्या सल्ल्यात आरडीएक्ससाठी आयुष्यभर प्यायला चालेल अशी पातळी लिटरला २ मायक्रोग्रॅम धरलेली आहे, म्हणजे गाळातली मात्रा नगण्य वाटली तरी खाली विहीर असेल तर प्रश्न संपत नाही. ऑक्सिजन नसलेल्या गाळात आरडीएक्स पण तुटतं, वाटेत त्याची नायट्रोसो रूपं दिसतात, एमएनएक्स, डीएनएक्स, टीएनएक्स, ती वर सांगितलेल्या १७ च्या यादीत नाहीत, वेगळी सांगावी लागतात. एचएमएक्स मात्र पाण्यात जेमतेम ४-५ मिलिग्रॅम विरघळतं म्हणून जागेवर राहतं. अँटी-टँक रॉकेटमध्ये ऑक्टॉल असायचं, ७० टक्के एचएमएक्स आणि ३० टक्के टीएनटी, पण अशा रेंजवर टार्गेटसमोरची माती तपासली की एचएमएक्सच्या मानाने टीएनटी अगदी किरकोळ निघतं. म्हणून तुमच्या रेंजवर काय डागलं जायचं हे जुन्या नोंदींमधून काढा, सर्व्हिसमधून रिटायर झालेल्या माणसांना विचारा, आणि मग यादी ठरवा. जिथून गोळे सुटतात त्या बाजूला नायट्रोग्लिसरीन आणि डायनायट्रोटोल्युइन जास्त, कारण ते प्रोपेलंटमधलं, म्हणजे गोळा पुढे ढकलणाऱ्या दारूतलं, जिथे पडतात तिथे आरडीएक्स आणि टीएनटी. शिसं, अँटिमनी, तांबं आणि पर्क्लोरेट पण यादीत ठेवा.

आणि व्हाइट फॉस्फरस. हे मी मुद्दाम वेगळं लिहितेय कारण स्फोटकांच्या टेस्टमध्ये हे दिसतच नाही आणि पाण्याखालच्या गाळात हेच सगळ्यात वाईट असू शकतं. अलास्कात अँकरेजजवळ ईगल रिव्हर फ्लॅट्स नावाची खारी दलदल आहे, सैन्याची तोफखान्याची इम्पॅक्ट रेंज, म्हणजे गोळे पडायची जागा. १९८० च्या दशकात तिथे बदकं मरून पडायला लागली, कारण कळेना. १९९० मध्ये सैन्याच्या थंड प्रदेशांच्या प्रयोगशाळेतल्या संशोधकांनी दाखवून दिलं की धुराच्या गोळ्यांमधल्या व्हाइट फॉस्फरसचे बारीक कण गाळात पडून आहेत, उथळ पाण्यात चोचीने गाळ चाळून खाणारी बदकं ते बी समजून गिळतात. हवेत पेट घेणारा पदार्थ, पण पाण्याखालच्या ओल्या गाळात तो कण वर्षानुवर्षं तसाच राहतो. उपाय पण त्यातूनच निघाला, तळी पंपाने उपसून उन्हाळ्यात गाळ वाळू द्यायचा, म्हणजे कण हळूहळू उडून जातात. आता बघा, स्फोटकांचं सॅम्पल आपण वाळवतो आणि व्हाइट फॉस्फरसचं सॅम्पल वाळवलं तर जे शोधायचं तेच गेलं. त्याचा जार वेगळा, काठोकाठ भरलेला, ओला, हवा न ठेवता, आणि पद्धत पण वेगळी, ७५८०. तुमच्या रेंजवर धुराचे गोळे वापरले असतील तर हे टाळूच नका, कारण तुम्ही तर गाळ उपसून उघड्यावर पसरणार आहात आणि तसा फॉस्फरस वाळता वाळता पेटू शकतो.

सॅम्पलिंगकडे येते. सहा ग्रॅब कमी आहेत, पण सहाचे बारा करूनही फार फरक पडत नाही. स्फोटकं मीठ विरघळावं तशी सगळीकडे सारखी पसरत नाहीत, ती कणांच्या रूपात असतात. गोळा नीट फुटला तर जवळजवळ काही उरत नाही, अर्धवट फुटला तर तुकडे आणि दाणे आजूबाजूला विखुरतात, आणि रेंजवरची बहुतेक घाण अशा मोजक्या अर्धवट फुटलेल्या गोळ्यांची असते. हिशोब करून बघा: टीएनटीचा एकच १ मिलिग्रॅमचा दाणा, २ ग्रॅम सबसॅम्पलमध्ये आला तर रिपोर्ट येईल किलोला ५०० मिलिग्रॅम, नाही आला तर शून्य, आणि तोच दाणा १ किलो गाळात दळून सारखा केला तर आकडा १ मिलिग्रॅम. तिन्ही वेळा तळं तेच. म्हणून तळ्याचे भाग पाडा, पाणी आत येतं ते तोंड वेगळं, मधला खोल भाग वेगळा, काठ वेगळा, आणि प्रत्येक भागातून ३० ते १०० ठिकाणचा थोडा थोडा गाळ एकत्र करून किलोभराचं एक सॅम्पल करा, असे तीन स्वतंत्र सेट घ्या. तिन्ही आकडे जवळ आले तर त्या भागाच्या सरासरीवर विश्वास ठेवता येतो, लांब आले तर ठिकाणं अजून वाढवायची.

आणि ग्रॅबने वरचे दहा-पंधरा सेंटिमीटरच येतात. तुम्ही उपसणार किती? समजा ६० सेंटिमीटर उपसणार असाल तर रेंज जोरात चालू होती त्या काळातला गाळ खालच्या थरात असणार, तो तुम्ही बघितलेलाच नाही. कोअर घ्या, थर वेगळे ठेवा, आणि उपसल्यावर जो नवीन तळ उघडा पडेल त्याचा पण एक थर तपासा. ग्रॅबचा जबडा खड्यामुळे अर्धवट उघडा राहिला असेल तर बारीक गाळ वर येतानाच धुऊन जातो, ते सॅम्पल टाकून परत घ्यायचं, ‘चालेल’ म्हणायचं नाही.

आता बोटीतून लॅबपर्यंत. दारूगोळा भरण्याच्या एका जुन्या प्लांटच्या सांडपाण्याच्या तळ्यावर आम्ही होतो, सॅम्पल काढणारी टीम दुसरी होती, त्यांच्याकडे तपकिरी काचेचे जार संपले म्हणून त्यांनी साध्या पारदर्शक बरण्या वापरल्या आणि त्या दुपारभर डेकवर उन्हात राहिल्या. संध्याकाळी मी खोका उघडला तर गाळावर साचलेलं बोटभर पाणी फिकट गुलाबी झालेलं, वरून सुरेख दिसत होतं आणि माझ्या पोटात खड्डा पडला, कारण टीएनटी उन्हात तुटायला लागलं की पाण्याला असाच रंग येतो. त्या सगळ्या बरण्यांमध्ये नंतर ट्रायनायट्रोबेंझिन जास्त आणि टीएनटी कमी आलं, आणि तळ्यात मुळात काय प्रमाण होतं ते आता सांगताच येईना, सगळं परत घ्यावं लागलं. म्हणून तपकिरी काच, काठोकाठ भरणं, लगेच बर्फ, अंधार, ४ अंश, आणि १४ दिवसांच्या आत एक्स्ट्रॅक्शन (सॉल्व्हंटने गाळातली संयुगं अर्कात काढून घेणं), त्यानंतर अर्काला ४० दिवस.

पण सगळ्यात मोठी गळती मला वाळवण्यात दिसते आणि त्याबद्दल कुणी विचारत नाही. पद्धत मातीसाठी लिहिलीय: खोलीच्या तापमानाला हवेत वाळवा, २ मिलिमीटरच्या चाळणीतून चाळा, पिठासारखं दळा, १० ग्रॅम घ्या, असिटोनायट्राइल घालून १८ तास थंड अल्ट्रासॉनिक बाथमध्ये किंवा शेकरवर ठेवा. मातीचं ठीक आहे, ती एका दिवसात वाळते. तळ्याच्या गाळात ७० टक्के पाणी असतं, तो ट्रेमध्ये चार-पाच दिवस ओला आणि उबदार पडून राहतो, आतले बॅक्टेरिया जिवंत, म्हणजे तळ्यात जे चालू होतं तेच ट्रेमध्ये जोरात चालू. आम्ही एकदा ओल्या गाळात मोजून टीएनटी घातलं आणि नेहमीसारखं ट्रेमध्ये वाळवलं, चौथ्या दिवशी निम्म्याहून बरंच जास्त गेलेलं होतं आणि मशीनच्या आलेखावर अमिनोचे दोन पीक (शिखरं) छान वर आलेले. गंमत म्हणजे त्याच बॅचचं लॅबचं क्वालिटी कंट्रोल एकदम पास होतं, कारण लॅब स्पाइक, म्हणजे तपासणीसाठी मोजून मिसळलेलं स्फोटक, घालते ते वाळवून दळून झाल्यावर, एक्स्ट्रॅक्शनच्या आधी. त्यामुळे त्याची रिकव्हरी, म्हणजे घातल्यातलं किती परत मिळालं तो आकडा, उत्तम येते आणि ट्रेमधली गळती कुणालाच दिसत नाही. लॅबला स्पष्ट लिहून द्या की स्पाइक ओल्या गाळात, वाळवण्याच्या आधी. आणि शक्य असेल तर सेंट्रिफ्यूजने पाणी वेगळं करून फ्रीज-ड्राय करा (गोठवून वाळवा), किंवा गाळ ओलाच एक्स्ट्रॅक्ट करा आणि ओलावा वेगळा काढून हिशोब कोरड्या वजनावर आणा. वेगळं केलेलं पाणी फेकून देऊ नका, आरडीएक्स त्यातच असतं, ते पण मोजायचं.

कोरड्या वजनावरून आठवलं, ‘नॉट डिटेक्टेड’ म्हणजे कितीच्या खाली हे बघा. ७० टक्के पाण्याच्या गाळात ओल्या वजनावर किलोला ०.१ मिलिग्रॅम लिहिलं असेल तर कोरड्यावर ते ०.३३ होतं. तुम्हाला पाळायची मर्यादा त्याच्या खाली असेल तर तो रिपोर्ट कामाचा नाही.

मशीनबद्दल थोडक्यात. २५४ नॅनोमीटरवर यूव्ही डिटेक्टर लावलेलं लिक्विड क्रोमॅटोग्राफ (अर्कातली संयुगं एकेक वेगळी करून मोजणारं मशीन) मातीत चांगलं चालतं, गाळात ह्युमिकचा एक मोठा कुबड सुरुवातीला येतो आणि त्यावर बसलेला छोटा पीक खरा की खोटा ते कळत नाही, शिवाय २-अमिनो आणि ४-अमिनो एकमेकांना चिकटून बाहेर पडतात. दुसऱ्या प्रकारच्या कॉलमवर (संयुगं वेगळी करणारी मशीनमधली नळी) कन्फर्म करा, नाहीतर सरळ मास स्पेक्ट्रोमीटरवर जा, गाळासाठी मी आता तेच सांगते.

जागेवरची रंगाची टेस्ट स्वस्त आणि पटकन होते, असिटोनमध्ये गाळ हलवायचा, गाळून घ्यायचा, पोटॅशियम हायड्रॉक्साइड आणि सोडियम सल्फाइट घालायचं, टीएनटी असेल तर द्रव बघता बघता लाल होतो, ५४० नॅनोमीटरवर वाचायचं. गाळाचा अर्क आधीच चहासारखा असतो म्हणून रिएजंट घालायच्या आधीचं रीडिंग घेऊन वजा करावं लागतं. पण ही टेस्ट जास्त दूषित जागा शोधायला आणि सॅम्पल पाठवायला सुरक्षित आहे का ते बघायला, किलोला १ मिलिग्रॅमच्या आसपास तिची ताकद संपते, आणि अमिनो तिला दिसत नाहीत. हिच्यावर कुणाला ‘स्वच्छ’चं सर्टिफिकेट देऊ नका.

तुमच्या जागी मी असते तर गाळ हलवायचं काम थांबवून आधी नोंदींवरून काय डागलं ते काढलं असतं, टीमकडून पॉइंट मोकळे करून घेतले असते, मग तीन भाग, प्रत्येकी तीन सेट, उपसायच्या खोलीपर्यंत कोअर, पूर्ण यादी अधिक नायट्रोसो अधिक फॉस्फरसचे वेगळे जार, आणि खालच्या बाजूच्या विहिरींचं पाणी.

पण हे सगळं ठरायला वेळ लागेल, त्याआधी एक गोष्ट आजच करता येते. लॅबला त्या सहा सॅम्पलच्या क्रोमॅटोग्रामच्या (क्रोमॅटोग्राफने काढलेल्या आलेखाच्या) मूळ फाइल मागा, नुसता टेबलवाला रिपोर्ट नको. यूव्हीवर रन झाला असेल तर अमिनो त्याच रनमध्ये दिसतात, तुम्ही मागितले नव्हते म्हणून त्यांनी लिहिले नसतील एवढंच. टीएनटीच्या मागेपुढे दोन जवळजवळ चिकटलेले पीक आहेत का बघा, आणि लॅबला म्हणा की तिथे अमिनोचं स्टँडर्ड (ओळखीचा शुद्ध नमुना) चालवून वेळ जुळवून द्या. आणि उरलेला गाळ फ्रीजमध्ये असेल तर तो निदान तोपर्यंत फेकू नका म्हणून त्यांना आत्ताच मेल करा, बऱ्याच लॅब रिपोर्ट गेल्यावर महिना-दोन महिन्यांत सॅम्पल टाकून देतात.